अपंगांचे पाणी



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे बोनस, महागाई भत्ता नाहीतर संपाचा कायदा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आम्ही आज बोलणार आहोत ते पाण्यावर, आणि तेही धरणाच्या किंवा नळाच्या पाण्यावर नव्हे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांचे हातपाय ताठर राहिले अशी मुले, पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळी पडलेली माणसे, पोलिओने एक पाय वाळलेली, वर्षागणिक स्नायू झिजत चाललेली, अशा स्त्रीपुरुषांना कोमट पाण्यात उतरवून त्यांच्याकडून हालचाल करवून घेण्याची एक विद्या गेल्या शंभर वर्षांत तयार झाली आहे. तिची हकिकत सांगावयाची आहे. विषय डॉक्टरांचा आहे हे आम्हांला मान्य आहे. परंतु ह्या विद्येचा इतिहास वाचू लागलो तेव्हा असे ध्यानात आले की, पाण्याने काय होते हा प्रश्न जेवढा जुना, तेवढाच त्या पाण्यापर्यंत कोण पोहोचतो हाही प्रश्न जुना आहे. आणि हा दुसरा प्रश्न एकट्या डॉक्टरांच्या हातात कधीच नव्हता.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. पाण्याचा उपचार म्हटले की आपल्याकडे उन्हाळी आठवतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे, दापोलीजवळचे उन्हवरे, चोपड्याकडचे उनपदेव. संधिवाताची माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. शिकलेल्या लोकांना निसर्गोपचार आठवतो. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी पुण्याजवळ उरुळीकांचनला येऊन राहिले आणि तेथे आश्रम उभा राहिला; कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, ऊन, आहार हे त्याचे उपचार. गरिबांसाठी आधी पुणे शहरात उपचारगृह चालवावे असा त्यांचा विचार होता. पण खेड्यातला गरीब शहरात यावयाचा नाही, आपणच त्याच्याकडे गेले पाहिजे, असे ठरवून ते उरुळीला गेले. ही गोष्ट आमच्या विषयाला फार जवळची आहे. मात्र ह्या सर्व प्रकारांत माणूस पाण्यात बसतो, आणि जे करावयाचे ते पाणी करते. आम्ही ज्या विद्येबद्दल बोलतो आहोत तिच्यात माणूस स्वतः काम करतो. पाणी हे तेथे औषध नसून कामाची जागा आहे.

ती जागा इतकी सोयीची का, हे कारखान्यातल्या माणसाला चटकन कळते. जड नग उचलावयाचा असला की आपण यारी लावतो. पाणी ही देवाने दिलेली यारी आहे. आर्किमिडीजने सांगितलेला नियम शाळेत सर्वांनी घोकलेला असतो. त्याचा हिशेब असा की, कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांवर सुमारे निम्मे वजन पडते, छातीइतक्या पाण्यात तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि गळ्याइतक्या पाण्यात दहावा हिस्सा. साठ किलोच्या बाईला आपले पाय सहा किलोसाठीच वापरावे लागतात. ज्या पायांत जमिनीवर उभे राहण्याची ताकद नाही, त्यांत एवढी असू शकते. शिवाय पाण्यात माणूस धाडकन पडत नाही. जमिनीवर तोल गेला की सावरावयास क्षणही मिळत नाही. पाण्यात तोल सावकाश जातो आणि सावरण्याची तालीम करावयास सवड मिळते. पाणी ३३ ते ३६ अंशांपर्यंत कोमट ठेवले म्हणजे ताठरलेले स्नायू सैल पडतात. आणि पाणी हलक्या हाताला कमी अडवते, जोराने मारलेल्या हाताला जास्त. म्हणजे ज्याची जेवढी शक्ती, तेवढाच त्याला विरोध. असा न्यायी मुकादम आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही!

ह्याचे धोकेही आहेत. गळ्याइतक्या पाण्याचा दाब छातीवर येतो. ज्याची छाती आधीच दुबळी त्याला श्वास जड होतो. फेपरे येणारे मूल, गिळण्याचे स्नायू दुबळे असलेले मूल, अंगावर उघडी जखम असलेला रोगी, ह्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरवू नये. आणि पाण्याने मेंदूची इजा भरून येत नाही, तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही. जो कोणी तसे सांगेल त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता इतिहासाकडे वळू. १९२४ साली लॉस एंजल्सच्या अस्थिरुग्णालयातले डॉक्टर चार्ल्स लोमन ह्यांनी रुग्णालयाच्या आवारातले शोभेचे मासे सोडलेले तळे रिकामे करून त्याचे उपचाराचे हौद बनवले. शिकागोच्या एका शाळेत लाकडी टाकीतल्या पाण्यात लुळी मुले व्यायाम करताना त्यांनी पाहिली होती. आधुनिक विद्येची सुरुवात अशी एका माशांच्या तळ्यात झाली. परंतु जगाचे लक्ष तिच्याकडे गेले ते त्याच साली, दुसऱ्या एका माणसामुळे.

फ्रँकलिन रूझवेल्ट हे १९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी आजारी पडले आणि दोन्ही पायांतली शक्ती गेली. निदान पोलिओचे झाले. पुढे तीन वर्षांनी त्यांच्या कानावर आले की, जॉर्जिया संस्थानात वॉर्म स्प्रिंग्ज नावाच्या खेड्यातल्या झऱ्याच्या पाण्यात पोहून पोलिओ झालेला एक तरुण पुन्हा पाय हलवू लागला आहे. १९२४ च्या ऑक्टोबरात ते तेथे गेले. डोंगरातून मिनिटाला सुमारे ९०० गॅलन पाणी येते, तेही वर्षभर ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापाने सुमारे ३१ अंश. त्या पाण्यात रूझवेल्ट उभे राहू शकले. वर्तमानपत्रात ही हकिकत छापून आली आणि पुढल्या वसंतात न बोलावता रोगी येऊ लागले. कोणाजवळ पैसे नाहीत, कोणाबरोबर माणूस नाही. डॉक्टर नव्हता म्हणून रूझवेल्ट स्वतःच हौदात उतरून त्यांना व्यायाम दाखवू लागले.

तेथे जुने हॉटेल होते आणि हवा खाण्यास येणारी सुखवस्तू मंडळी होती. त्यांनी तक्रार केली, की आम्ही ह्या लुळ्यापांगळ्यांच्या पंक्तीला बसणार नाही, त्यांच्या पाण्यात उतरणार नाही. आम्हांला रोग लागेल. तेव्हा रोग्यांच्या जेवणाची व्यवस्था निराळी करावी लागली आणि त्यांच्यासाठी निराळा हौद खणावा लागला. निराळी पंगत आणि निराळे पाणी! महाडच्या चवदार तळ्याची हकिकत ज्या प्रांतात १९२७ साली घडली, तेथल्या श्रोत्यांना ह्याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही.

१९२६ साली रूझवेल्टांनी आपल्या मिळकतीचा फार मोठा भाग घालून ती सारी जागा विकत घेतली. त्यांच्या वकील मित्रांना हा वेडेपणा वाटला. त्याच वर्षी लेरॉय हबर्ड नावाच्या अस्थिशल्यतज्ज्ञांनी २३ रोग्यांवर देखरेख करून त्यांच्या प्रगतीची नोंद ठेवली आणि १९२७ साली नफा न घेणारी संस्था स्थापन झाली. १९२८ मध्ये एडसेल फोर्ड ह्यांच्या देणगीतून काचेचे छप्पर असलेला हौद बांधला गेला. देणगी चांगलीच होती. परंतु त्याच फोर्ड कंपनीने आपल्या कामगारांच्या युनियनला मान्यता दिली ती १९४१ साली, तीही संप झाल्यावर, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे असे आम्हांला वाटते.

वॉर्म स्प्रिंग्जचे खरे मोल कशात होते? रूझवेल्ट तर पुन्हा कधीही आधाराशिवाय चालले नाहीत. पण तेथे लुळेपण हे लपवावयाचे वैगुण्य राहिले नाही. रोगी एकत्र जेवत, पत्ते खेळत, नाटके बसवत, एकमेकांची थट्टा करत. घराच्या माडीवर दडवून ठेवलेला मुलगा तेथे चार माणसांत आला. हा लाभ वैद्यकाच्या पुस्तकात मोजता येत नाही.

मात्र त्या चार माणसांत काळा माणूस नव्हता. खुर्च्या ढकलणारे, स्वयंपाक करणारे, चादरी धुणारे नोकर काळे होते, रोगी गोरे. पोलिओचा जंतू कातडीचा रंग पाहून शिरत नाही, पण हौदाचा दरवाजा पाहत होता. ह्याबद्दल ओरड झाली तेव्हा पोलिओनिधीच्या पैशातून १९४१ साली टस्कगी येथे काळ्या मुलांसाठी निराळे केंद्र उघडले. निराळे का होईना, उघडले; आणि तेथे काळे डॉक्टर व काळ्या परिचारिका ह्यांना शिक्षण मिळाले. रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच वारले. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, साल्क ह्यांची लस गुणकारी ठरल्याचे जाहीर झाले. तिच्या संशोधनाला पैसा पुरवला होता तो रूझवेल्टांच्याच प्रेरणेने निघालेल्या, लोकांच्या नाण्यानाण्यावर चाललेल्या निधीने.

येथे जरा आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतल्या कोळसा-खाणींत छत कोसळून कण्याला मार बसलेले कामगार वर्षानुवर्षे घराच्या मागल्या खोलीत खाटेवर पडून असत. १९४६ साली खाणकामगारांनी संप केला, सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि जॉन ल्यूइस ह्यांच्या युनियनने करार करून घेतला, की निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याणनिधीत पडतील. ह्या निधीने केलेले एक पहिले काम म्हणजे हे खाटेवरचे लोक शोधून काढणे. त्यांना आगगाडीने दूरदूरच्या पुनर्वसन केंद्रांत पाठवण्यात आले. त्यांपैकी कित्येकजण कॅलिफोर्नियात कॅबट-कायझर संस्थेत पोहोचले. कायझर हे मोठे कारखानदार. त्यांच्या मुलाच्या मज्जासंस्थेला विकार होता आणि कॅबट हे त्याचे डॉक्टर. तेथे कॅबट आणि मार्गारेट नॉट ह्या व्यायामोपचारतज्ज्ञ बाईंनी लुळ्या अवयवांना सरळ रेषेत न हलवता तिरक्या, पिळाच्या वळणाने हलवण्याची एक पद्धत बसवली. आपण कुऱ्हाड चालवतो, मळणीची काठी मारतो, ती सारी वळणे अशीच तिरकी असतात.

ह्या पद्धतीचा पाण्याशी संबंध पुढे आला. स्वित्झर्लंडात बाद रागाझ नावाचे गाव आहे. तेथे दरीतून साडेछत्तीस अंशांचे पाणी येते. मान, कंबर आणि घोटे ह्यांना फुगवलेली कडी बांधून रोग्याला पाण्यावर उताणे तरंगवावयाचे आणि उपचारकाने कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्याचा एक खुंटा व्हावयाचे, अशी रीत तेथे १९५७ च्या सुमारास जर्मनीतून आली. १९६० च्या दशकात तिला नॉटबाईंच्या तिरक्या वळणांची जोड मिळाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर किंवा कण्याच्या इजेनंतर ही रीत आजही जगभर वापरतात. ती वळणे ज्या केंद्रांत घडली, तेथे खाणीत पाठ मोडलेली माणसे होती आणि त्यांचा खर्च टनामागच्या पाच सेंटांतून चालला होता. हे शिकणाऱ्या मुलामुलींना बहुधा कोणी सांगत नसावे.

आता ज्या माणसाचे ऋण आम्हांला सर्वांत मोठे वाटते त्याच्याकडे येतो. जेम्स मॅकमिलन हा डॉक्टर नव्हता. तो द्रवगतिशास्त्र जाणणारा इंजिनियर होता. लंडनच्या उत्तरेस साउथगेट येथे हॅलिविक नावाची अपंग मुलींची शाळा होती. १९४९ साली मॅकमिलनने ह्या मुलींना पोहावयास शिकवण्याचे मनावर घेतले. त्याने रोगाचे नाव विचारलेच नाही. होडी बांधणारा जसे विचारतो तसे त्याने विचारले, की ह्या देहाचे वजन कोठे केंद्रित आहे आणि पाण्याची उचल कोठे लागते आहे? ही दोन्ही एका उभ्या रेषेत आली तर देह स्थिर, नाहीतर तो गरगर फिरणार. पोलिओने वाळलेला पाय हलका, तो वर येतो. ताठरलेल्या स्नायूंची बाजू जड, ती बुडते. आणि देह लाकडाच्या ओंडक्यासारखा लोळतो. अशा मुलाला शक्ती कमी म्हणून पोहता येत नाही, हे खरे नव्हे. त्याला लोळणे थांबवता येत नाही. आणि ते थांबवावयास फार बळ लागत नाही. मान किंचित उलट्या बाजूस वळवली, एक हात थोडा लांबवला, की तोल सावरतो. ज्याच्या ताब्यात मानेखेरीज काही नाही, त्यालाही एवढे करता येते.

म्हणून हॅलिविकच्या दहा पायऱ्यांत हातपाय मारणे अगदी शेवटी येते. पहिली पायरी मनाची: पाण्याशी ओळख, तोंड पाण्याशी आले की श्वास आत न ओढता फुंकर मारावयाची. मग उभ्याचे आडवे आणि आडव्याचे उभे होणे, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळणे. मग पाणी आपल्याला वर ढकलते, बुडवत नाही, ह्याची खात्री. मग निश्चल तरंगणे. पोहण्याचा पहिला हात त्यानंतर.

आणखी दोन नियम त्याने घातले. एक, फुगे, टायर, कडी काही बांधावयाचे नाही. कारण बांधलेला फुगा मुलाचा तोल आपल्या हाती घेतो आणि मग मूल तोल शिकत नाही. बाद रागाझची कडी आणि हॅलिविकचा कड्यांना नकार ह्यांत भांडण आहे असे दिसेल. तसे ते नाही, कारण एकीचा हेतू अवयवाला व्यायाम हा आहे आणि दुसरीचा देहाला स्वातंत्र्य; मॅकमिलन स्वतः १९७० च्या दशकात बाद रागाझला जाऊन काम करीत होताच. दुसरा नियम, प्रत्येक पोहणाऱ्यामागे एक मदतनीस, आणि त्याने खांदे पाण्यात बुडवून आपला चेहरा मुलाच्या चेहऱ्याच्या पातळीवर ठेवावयाचा. वरून वाकून बोलावयाचे नाही. पाण्यात उतरलेल्याला रोगी म्हणावयाचे नाही, पोहणारा म्हणावयाचे. शिकवणे गोल करून, खेळांतून, गाण्यांतून. त्या मुलींच्या मंडळाने पेंग्विन पक्ष्याचे नाव घेतले. तो जमिनीवर फेंगडत चालतो आणि पाण्यात बाणासारखा जातो. १९५२ पर्यंत अशा मंडळांचा संघही झाला होता, आणि त्यात शिकवणारे बहुतेक आपापला व्यवसाय सांभाळून संध्याकाळी येणारे साधे लोक होते.

आमच्या मते हा बदल उपचाराच्या इतिहासातला सर्वांत मोठा आहे. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आम्ही अर्धे आयुष्य चाळला. त्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, हात गेला तर ६० टक्के, असा कोष्टकाचा हिशेब होता. भांडावयास कोष्टक हवेच. त्याशिवाय मालक एक पैसा देत नसे. पण ते गेलेल्याची मोजदाद करते. मॅकमिलनने उरलेल्याची मोजदाद केली.

आपल्याकडे काय झाले? १९४७ साली मुंबईत फातिमाबाई इस्माइल ह्यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना उघडला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. तिच्यासाठी केलेली धावपळ इतरांच्या मुलांच्या कामी यावी हा त्यांचा निश्चय. त्यातून हाजीअलीचे बालरुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ साली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही निघाली. पाण्याशी प्रत्यक्ष जोडलेली मराठी हकिकत मात्र इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची. सैन्यात कारागीर, मुष्टियुद्ध खेळणारे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. दुखापतीनंतरच्या उपचारात ते पाण्यात उतरले आणि तेथेच राहिले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह, कापले आणि भारताला त्या स्पर्धांतले पहिले सुवर्णपदक मिळाले. पद्मश्री मिळावयास २०१८ साल उजाडले. लोकांना त्यांचे नाव कळले ते बहुतेक त्याहून नंतर, २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा!

पोलिओ आता गेला. २०११ च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा रोगी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला मुक्तीचा दाखला मिळाला. पण कामगारवस्तीत हिंडताना आम्हांला पायऱ्यांवर बसलेली मुले दिसतातच. ती मेंदूच्या इजेची, कण्याच्या जन्मजात व्यंगाची, स्नायू झिजणाऱ्या विकाराची. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. आई दहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन बसथांब्यावर जाते. चौदा वर्षांचा झाला की तिच्याने उचलवत नाही, आणि मग त्याचे व्यायाम सुटतात. नेमक्या ह्याच वयात पाणी उपयोगी पडावे, तर पालिकांचे तलाव शर्यतीसाठी बांधलेले: खोल, थंड, आणि आत उतरावयास भिंतीला सरळ उभी लोखंडी शिडी.

काय लागते ते फार नाही. लहान हौद, उताराची वाट किंवा खुर्ची खाली सोडणारी साधी यारी, कपडे बदलण्याच्या खोलीत मोठ्या माणसाला निजवता येईल एवढे बाक, आणि शिकवून तयार केलेले मदतनीस. अडते ते उष्णतेवर, असे सांगतात. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटराला थोडा कमी खोल असा हौद धरला तर पाणी सुमारे ४८ घनमीटर भरते. एक घनमीटर पाणी एक अंशाने तापवावयास १.१६ युनिट वीज लागते. पंचवीस अंशांचे पाणी चौतीसवर न्यावयाचे तर सगळे मिळून सुमारे ५०० युनिट. हे पहिल्या खेपेचे. पुढे फक्त जेवढी उष्णता उडते तेवढी भरावयाची, आणि रात्री पाण्यावर आच्छादन घातले तर ती बरीच वाचते. छपरावर सूर्याचे बंब बसवले तर आणखी.

आमच्या युनियनने गेल्या पावसाळ्यात पालिकेकडे निवेदन दिले, की तलावाच्या आवारात जो लहान मुलांचा जुना हौद कोरडा पडून आहे, तो ह्या कामासाठी द्यावा. मदतनीस आम्ही आमच्या सभासदांतून आणि कॉलेजच्या मुलामुलींतून देऊ, शिकवण्यास व्यायामोपचारतज्ज्ञ बाई तयार आहेत. खर्चाचा अंदाज सादर करावा, असे उत्तर आले आहे. वरचा पाचशे युनिटांचा हिशेब आम्ही त्या उत्तरासाठीच मांडला होता.